लाल फुलीची मडकी

सिद्रामप्पा माझ्या घराची पायरी पहिल्यांदा चढले ते आमच्या अंघोळी मोजायला.

श्रावण सरत आला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. मी दुकानाला निघायच्या गडबडीत होतो. दारात हे उभे. गुडघ्यापर्यंत धोतर, वर खाकी शर्ट, हातात छातीएवढी उंच लोखंडी चावी. शरणार्थ नाही, राम राम नाही. सरळ विचारलं, "सावकार, घरात मान्सं किती?"

"चार. का?"

"चौघंबी रोज अंघोळ करतात?"

आत बायको आणि दोन्ही मुली हसायला लागल्या.

"मान्शी एक बादली का दीड? पोरी केस कुटल्या वारी धुतात?"

"आप्पा, तुम्हाला करायचंय काय त्याच्याशी?"

त्यांनी बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "सा बादल्या. केसाच्या दिवशी आठ," असं स्वतःशीच म्हणाले आणि चावी टेकत निघून गेले.

महादेवी, माझी बायको, म्हणाली, "म्हातारा माणूस आहे हो, विचारलं असेल सहज."

सहज कुणी काही विचारत नाही. समोरचा माणूस आधी फुकटचे प्रश्न विचारतो, मग आपलं माप घेतो आणि मग भाव पाडतो. मी जन्मभर दुसरं काय केलं? सात रस्त्याला पोतं अंथरून वायसर आणि नळाच्या तोट्या विकत होतो, तिथून आज त्याच चौकात दुकान आहे. पाइप, टाक्या, रंग आणि गळती बंद करायची सगळी औषधं. गच्ची असो, भिंत असो, हौद असो, गळती सांगा, माझ्याकडे डबा आहे. हे सगळं मी कुणाच्या तोंडाकडे बघत भाव ओळखून उभं केलंय. सिद्रामप्पांच्या तोंडावरून मात्र काही ओळखता येत नव्हतं आणि त्याचाच मला राग यायचा.

तीस वर्षं ते शहरात चावीवाले होते. म्हणजे रस्त्यातलं झाकण उचलून, ती लांब चावी खाली सोडून, एकेका गल्लीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं. निवृत्त झाले तरी चावी सुटली नव्हती. तीच काठी, तीच पहार, वाफ्याची ओळ आखायलाही तीच. विजापूर रस्त्याला शहर संपतं तिथं माझं घर आणि मागं चार गुंठे जागा. त्याला लागून, उताराच्या बाजूला, त्यांची पत्र्याची खोली आणि तेवढीच जागा. मध्ये कमरेएवढी भिंत.

पाणी येणार हे ते कधी तोंडानं सांगत नसत. आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो, आणि कधी कधी पाचवा दिवस सहावा होतो. पण सिद्रामप्पांना आधी कळायचं. भिंतीपलीकडून उजवा हात वर करायचे आणि हवेतच चावी फिरवल्यासारखं मनगट फिरवायचे. एकदा फिरवलं तर पाणी थोडं, दोनदा फिरवलं तर घरात असेल ते भांडं बाहेर काढा. बायका ते बघून धावायच्या. सगळ्या वसाहतीला मात्र एक शंका होती, की नोकरीत असताना या माणसानं आपल्या ओळखीच्या गल्ल्यांना जास्त पाणी सोडलं असणार. मलाही होती. पुरावा नव्हता, पण पुराव्यासाठी मी कधी थांबत नाही.

त्या वर्षी मला भाजी लावायचीच होती. त्याला कारण माझा थोरला भाऊ.

अक्कलकोटकडं आमचं गाव. वाटणीत आलेली जमीन मी विकली आणि दुकान घातलं. मल्लिनाथदादानं त्याची राखली. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. शेतात कडब्याची छोटी झोपडी, म्हणजे कोप, उभी करायची, पाच दगड मांडून पूजा करायची, आणि गावातल्या पाहुण्यांना शेतावर बोलावून जेवू घालायचं. ताटात मुख्य मान भज्जीचा. मेथी, पालक, कांद्याची पात, चाकवत, वांगी, ओला हरभरा, तुरीचे दाणे, थंडीत येईल ते सगळं एका भांड्यात. सोबत बाजरीचे उंडे आणि आंबील. मी दर वर्षी दादाच्या शेतावर पाहुणा म्हणून जायचो. आदल्या वर्षी मी भज्जी दुसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हा दादा पंक्तीत सगळ्यांसमोर मला घरच्या नावानं हाक मारून म्हणाला, "खा रे बसू, पोटभर खा. तुला आता पालाबी इकतच घ्यावा लागतोय की."

लोक हसले. मी हात धुतले आणि तिथंच जाहीर केलं, "पुढची येळवस माझ्याकडं. माझ्या मातीतल्या भाजीची."

दादा म्हणाला, "येतो की. पाचशे पायऱ्या चढाय सांगितल्यास तरी येतो."

तेव्हा पाऊस असा दगा देईल हे कुणाला माहीत होतं? बोअर नुसता वारा ओकत होता. तरी मी कागदावर वीस वाफे आखले. भिंतीला टेकून कागद बघत होतो, तेवढ्यात सिद्रामप्पा पलीकडून डोकावले. न विचारता चावीच्या टोकानं माझ्याच जमिनीवर, माझ्या भिंतीवरून वाकून, एक रेघ ओढली.

"हितनं पलीकडं काय लावू नगा."

"म्हणजे पाचच वाफे?"

"पाणी बघून वाफा. वाफा बघून बी. तुमी आधी बी बघताय." मग म्हणाले, "वाफं वर उचलू नगा, टीचभर खोल घ्या. वर पाचट पसरा. वांग्याचं रोप सावलीत टबात करा. मेथी-पालकाची घाई नगा, दसऱ्यापतूर ऊन हाय."

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा मला पाच वाफ्यांवर का आणतोय? माझं उरलेलं पाणी कुणाच्या उतारानं जाणार होतं? मी दुसऱ्याच दिवशी मोरीच्या मागच्या बाजूची, त्यांच्या दिशेला पाणी जायची जुनी मोहरी सिमेंटनं बुजवली आणि पाणी रस्त्याच्या गटाराला काढून दिलं. सिद्रामप्पा भिंतीपलीकडून बघत होते. "सिमेंट चांगलं हाय," एवढंच म्हणाले.

मग एके दिवशी मी त्यांना मडकं पुरताना बघितलं.

मडकं पुरताना माणूस दिसला की आपल्याकडे कुणाच्याही मनात काय येतं ते सांगायला नको. मी भिंतीआड उभा राहून बघितलं. गळ्यापर्यंत मडकं मातीत, वर फरशीचा तुकडा. लिंबू नाही, कुंकू नाही. तरी मी महादेवीला म्हटलं, त्या बाजूला मुलींना जाऊ देऊ नको. ती सरळ जाऊन विचारूनच आली.

"अहो, त्यात पाणी भरून ठेवायचं असतं. भोवतीनं रोपं लावायची. रोज वरून पाणी घालायचं कामच नाही म्हणाले."

मला पटलं. पण विचारायला मी गेलो नाही. विचारलं की उपकार होतात, आणि उपकाराची परतफेड समोरच्याच्या भावानं करावी लागते. मी भिंतीवरून मडक्यांमधलं अंतर बघितलं, किती खोल पुरलीत ते बघितलं आणि थेट कुंभाराकडे गेलो.

बारा मडकी घेतली. प्रत्येक बोटानं वाजवून, कानाला लावून, ताणून भाव करून घेतली. घरी आणून सकाळी गच्चीवर पाण्यानं भरली आणि संध्याकाळी बघतो तर बारांतली नऊ बाहेरून ओली! पोटाला घाम फुटलेला, बुडाखाली डाग. माझ्या धंद्यात याला एकच शब्द आहे. मी लाल ऑइलपेंट घेतला, त्या नऊ मडक्यांच्या गळ्यावर मोठ्या फुल्या मारल्या आणि टेम्पोत घालून परत नेली.

सिद्रामप्पा कुंभाराच्या दारात दगडावर बसून चहा पीत होते.

"हा असला गळका माल देतोस?" मी सुरुवातच वरच्या पट्टीत केली.

कुंभार म्हणाला, "अवो, मडकं हाय ते मालक, पाझरणारच की."

"मला शिकवू नको! आयुष्य गेलंय गळतीत. बदलून दे, नाहीतर सगळी परत घे."

त्यानं मान हलवली आणि भट्टीच्या तळाची, जास्त भाजलेली, काळपट नऊ मडकी काढून दिली. वाजवली तर घंटेसारखी. मी खूश. आणि त्याच वेळी मी सिद्रामप्पांकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग तोंड मिटलं आणि बशीतला उरलेला चहा प्यायले. ते उघडून मिटलेलं तोंड मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून बघतो तर त्यांच्या वाफ्यांत नऊ नवी मडकी. गळ्याला माझ्या लाल फुल्या. निम्म्या किमतीत घेतली असं कुंभारानंच मला नंतर सांगितलं.

माझ्या मनात आलं, घे म्हाताऱ्या, गळका माल घे.

नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसतो. परडीत काळी माती, त्यात धान पेरायचं आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट. महादेवी दर वर्षी कुंभाराकडून आणते. मी म्हटलं, या वर्षी माझ्या बारांतला घे, एक नंबर माल आहे. उरलेली अकरा मी वाफ्यांत पुरली होती.

चौथ्या माळेला शेजारच्या घरातलं धान बोटभर आलं होतं. आमच्या परडीत चार पिवळे कोंब, तेही महादेवीनं हातानं पाणी शिंपडलं त्या कडेला. पाचव्या माळेला ती सकाळी देवघरात बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "कधी असं झालं नव्हतं. काही चुकलं का हो आपलं?"

ती रडायच्या बेतात होती. माझं डोकं फिरलं. वाफ्यातही तेच चाललं होतं. मडकी गळ्यापर्यंत भरलेली, पाण्याची पातळी बोटभरही उतरत नव्हती, आणि भोवतीची वांग्याची रोपं माना टाकून. मी तसाच अनवाणी भिंत ओलांडली.

"आप्पा, काय केलंत तुम्ही?"

ते वाफ्यात उकिडवे बसून तांब्यानं मडकं भरत होते. "साकु," असं त्या मडक्याला म्हणाले. साकु म्हणजे कानडीत पुरे. प्रत्येक मडकं भरून झालं की ते असंच म्हणायचे. मग माझ्याकडे बघितलं. "कशाचं?"

"घरात धान उगवेना! ही मडकी पुरताना काय पुरलंत खाली?"

दुसरा कुणी असता तर भांडण झालं असतं. मला तेच हवं होतं. सिद्रामप्पा उठले, हात धुतले, पायातली वहाण माझ्या पायरीखाली काढली आणि देवघरासमोर उभे राहिले.

"अक्का, बोट लावू का घटाला? हलवत न्हाय."

महादेवीनं मान डोलावली. त्यांनी घटाच्या पोटाला एक बोट लावलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. कोरडं ठणठणीत.

"हे मडकं न्हवं सावकार. ही तुमच्या दुकानातली टाकी हाय."

"म्हणजे?"

"घट दर वर्षी बसवताय की. धान कशावर उगवतं? वरनं शिंपडल्यावर व्हय? घट पाझरतो, मातीला पोचतं, त्येवर उगवतं. तेच वाफ्यात. तुमी पाझरायचं बंद करून घेतलंय." मग महादेवीकडे वळून म्हणाले, "अक्का, देवीचा काय राग न्हाय. तुमी हातानं शिंपडत ऱ्हावा. राग यायचाच तर हेंच्यावर येईल."

महादेवी पदर तोंडाला लावून हसायला लागली. पाच दिवसांत पहिल्यांदा. मला एवढी लाज वाटली की मी आणखीच ओरडलो.

"म्हणजे कुंभाराकडं तुम्हाला कळलं होतं! बघत बसलात?"

ते पायरीखाली वहाण पायात सरकवायला लागले.

मी म्हटलं, "ठीक आहे. ती लाल फुलीची नऊ मला द्या. घेतलीत त्याच्या दुप्पट देतो."

"बसलेलं मडकं उठवत न्हाईत. मुळ्या लागल्यात त्येला."

कुंभाराकडे गेलो तर तो दिवाळीच्या पणत्यांत बुडालेला. मडकी महिनाभर नाहीत म्हणाला. येळवसला जेमतेम तीन महिने उरले होते. दादाचा फोन येऊन गेला होता, "काय बसू, भाजी लावलीस का बाजारातनंच आणतोस?" संध्याकाळी मी पुन्हा भिंतीशी गेलो. या वेळी चप्पल घालून.

"आप्पा, काही वाट आहे का?"

"हाय की. पन फुकट न्हाय."

शेवटी आले मुद्द्यावर! मला उलट बरंच वाटलं. "बोला."

"अंघोळीचं पाणी माझ्याकडं वळवा. सा बादल्या."

बघा! पहिल्या दिवसापासून मी म्हणत होतो. मी म्हटलं, "दोन."

"पाच."

"तीन. वर एक थेंब नाही."

"चालतंय," ते लगेच म्हणाले. समोरचा लगेच हो म्हणाला की आपण हरलो, हे मला कुणी सांगायला नको. त्यांना तीनच हव्या होत्या. वाळूचा हौद करून त्यातून गाळलेलं पाणी त्यांच्या वांग्यांच्या एका ओळीला तेवढंच लागत होतं.

"आता तुमची वाट सांगा."

"दुकानात ड्रिल हाय न्हवं? मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडा. सुतळी ओवा, गाठ आत, शेपूट मातीत. सुतळी पाणी पीत ऱ्हाईल."

जन्मभर भोकं बुजवून पोट भरलं मी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर बसून स्वतः निवडलेल्या, वाजवून घेतलेल्या आणि आता वाफ्यांतून उकरून काढलेल्या अकरा मडक्यांना स्वतःच्या हातानं भोकं पाडली. दोन फुटली. सिद्रामप्पा भिंतीपलीकडून बघत होते. प्रत्येक भोकाला मान हलवत होते. हसत होते का, ते कळत नव्हतं. मग सिमेंट फोडून मोहरी मोकळी केली, तीही मीच.

पाच वाफेच लावले. रेघेच्या अलीकडे.

येळवसला दादा आला. सोबत वहिनी आणि गावाकडची आठ माणसं. मी कोप उभी केली होती. दादानं ती नीट बघितलीही नाही, थेट वाफ्यात शिरला. शेतकऱ्याचा डोळा तो. मेथीची काडी उपटली, मुळाची माती झटकली, पान चोळून नाकाला लावलं. मी कोपीच्या दाराशी उभा होतो. आयुष्यात इतके भाव ठरताना बघितले, पण कुणाच्या तोंडाकडे मी इतकं लक्ष देऊन बघितलं नसेल.

"बारीक हाय," दादा म्हणाला. जरा थांबून पुन्हा वास घेतला. "पन वास हाय. वास लई चांगला हाय."

मी लगेच पंक्तीची पानं मांडायला सांगितली.

पण दादा तो दादाच. भज्जीतली वांग्याची फोड बोटात धरून म्हणाला, "तुज्या वांग्याला तर आत्ता फूल लागलंय. मग ही कुणाची?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलायच्या आत पंक्तीच्या टोकाला बसलेले सिद्रामप्पा म्हणाले, "पाणी हेंच्या अंघोळीचं हाय, माती माझी. वांगं कुणाचं ते तुमीच ठरवा."

दादानं फोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बसूच्या अंघोळीचं?" म्हणाला आणि असा हसला की त्याला ठसका लागला. फोड मात्र खाल्ली. दुसऱ्यांदा भज्जी वाढून घेतली.

जाताना वहिनीनं मेथीची जुडी मागून नेली. विकत नाही, मागून.

पुढच्या आषाढात सिद्रामप्पांचे गुडघे गेले. मुलगी गुलबर्ग्याला असते, तिनं हट्टानं बोलावून घेतलं. त्या वर्षीही ढग नुसते येऊन बघून जात होते. मी त्यांना गाडीवर बसवून स्टँडवर सोडायला गेलो. एक पिशवी, एक वळकटी. चावी मात्र माझ्या घरी ठेवली होती, एसटीत नेऊ देत नाहीत म्हणून. खोलीची किल्ली महादेवीकडे.

एसटी लागली, ते खिडकीशी बसले. ड्रायव्हर अजून चढला नव्हता. मी खाली उभा. माझ्याकडे फार वेळ नव्हता म्हणून सरळ विचारलं.

"आप्पा, एक सांगा. कुंभाराकडं तोंड उघडलंत आणि मिटलंत. का बोलला नाहीत?"

त्यांनी खिडकीची काच मागं सरकवली. कधी नव्हे ते त्यांच्या तोंडावरून मला सगळं वाचता आलं.

"बोललो असतो तर ती मडकी मला मिळाली असती व्हय?"

मी वर्षभर म्हणत होतो. महादेवीला म्हणत होतो, दादाला म्हणत होतो, आणि दोघंही मलाच वेड्यात काढत होते! मी स्टँडवर चार माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "लबाड आहात तुम्ही!"

"तुमी सा बादल्यांवरनं तीनवर आणलंत," ते म्हणाले, "मी काय म्हनलो का?"

ड्रायव्हर चढला, गाडी हलली. मला आणखी बरंच काही सुनवायचं होतं. गाडी वळणाशी गेली तेव्हा खिडकीतून त्यांचा उजवा हात बाहेर आला. मनगट फिरलं. एकदा, आणि परत एकदा.

मी बोटांवर दिवस मोजले. आमच्याकडे चौथाच दिवस होता. तरी गाडीला किक मारली आणि दुकानावरून न थांबता घरी गेलो. नळ आला होता. महादेवी घागरी लावत होती.

सगळी भांडी भरली, टाकी भरली, माझी नऊ मडकी भरली. मग पाइप भिंतीवरून पलीकडे टाकला. सिद्रामप्पांचे वाफे मोकळे होते, वर नुसतं पाचट. फरशीचे तुकडे एकेक करून उचलले आणि लाल फुलीची नऊच्या नऊ मडकी गळ्यापर्यंत भरली. शेवटचं भरल्यावर बोटांनी बाजूची माती जरा उकरली आणि मडक्याच्या पोटाला हात लावला.

ओलं होतं.

साकु, मी म्हटलं, आणि पाइप गुंडाळायला लागलो.